वजीर चुकीच्या घरात

लॅपटॉपशी बुद्धिबळ खेळायचं होतं त्या रविवारी सकाळी मी पोहे नुसते चिवडले आणि झाकून ठेवले. सानपाड्याला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी कित्येक वर्षं मुलांना बुद्धिबळ शिकवत होते. एके काळची जिल्ह्याची चॅम्पियन मी. कमिटीला आता एका कंपनीचे टॅबलेट हवे होते, म्हणजे मुलं स्क्रीनवर शिकणार आणि बाई घरी बसणार. मीटिंगमध्ये मी तोंड सोडलं, तर सेक्रेटरी म्हणाले, "मग होऊन जाऊ दे मॅडम मशीनशी एक मॅच. निदान बरोबरी केलीत तरी क्लास तुमचाच."

आणि मी शहाणी, सगळ्यांदेखत हो म्हणून बसले. घरी येऊन चपला काढताना भानावर आले. क्लास गेला तर रोज संध्याकाळी मी करू काय, समोरची भिंत बघू?

अटींवरून आधीच खडाजंगी झाली होती. मशीन तुमच्याच लेव्हलला सेट करतो, असं कंपनीचा माणूस म्हणाला. ते कोण तपासणार, तर तोच. माझे स्पर्धांमधले सगळे डाव त्याने मशीनला भरवले होते, आणि मी मशीनचा एक डाव मागितला तर म्हणे कॉन्फिडेन्शियल आहे. मी म्हटलं, मधे पाच मिनिटं घड्याळ थांबवा, मला बाथरूमला जावं लागतं. "मशीनला ब्रेक लागत नाही ना मॅडम!" "अहो, मशीनला डायबिटीस पण नाहीये!" सगळे खो खो हसले, पण घड्याळ काही थांबायचं नाही असंच ठरलं.

माझी एकच अट मान्य झाली. मशीनच्या वतीने पटावर सोंगट्या हलवणारा माणूस असा हवा, ज्याला खेळातलं ओ की ठो कळत नाही. म्हणजे खाणाखुणांचा प्रश्नच नको. सेक्रेटरींनी माझ्या नवऱ्यालाच बसवलं. ह्यांना घोडा आणि उंट यातला फरक कळत नाही हे अख्ख्या बिल्डिंगला माहीत होतं. काम सोपं होतं. माझी चाल लॅपटॉपमध्ये टाकायची, मग स्क्रीनवर बाण दिसेल तशी मशीनची सोंगटी हलवायची. स्क्रीन फक्त ह्यांच्याकडे होता.

माणसाशी खेळताना मी तोंडाकडे बघते. घाबरला की माणूस ओठ चावतो, पाय हलवतो. इथे समोर माझाच नवरा, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि त्याच्या हातून माझी एकेक सोंगटी मरत होती. मागे आयाबाया आणि मुलं बसलेली, दोघांचे मोबाइल व्हिडिओ काढत होते. माझा राजा कोपऱ्यात अडकला होता. बाथरूमला जावं तर घड्याळ माझंच पळत होतं.

तेवढ्यात ह्यांनी वजीर उचलला आणि थेट माझ्या घोड्याच्या तोंडात ठेवला.

फुकटचा वजीर! घेतला की डाव माझा. पण मशीन असं कधी करेल? मी वर पाहिलं. ह्यांचे कान लालबुंद झाले होते, आणि नजर सांगत होती, घे.

अहो, हे काय केलंत! लॅपटॉपच्या हिशेबात वजीर बाणाने दाखवलेल्या घरात शाबूत होता. मी इथे मारला असता तर एक-दोन चालींत बाण त्याच वजिरावर आला असता, आणि पटावर वजीरच नाही. मग सगळे स्क्रीनभोवती जमले असते, आणि या व्हिडिओत चोर म्हणून माझा नवरा दिसला असता. त्या बिचाऱ्याला एवढं सुचलंच नव्हतं.

"अहो, चष्मा पुसा," मी मोठ्याने म्हटलं. "घर चुकलं तुमचं."

लोक हसले. ह्यांनी बोट वजिरावरून काढलं नाही. हळूच मान हलवली, नाही म्हणून. कंपनीचा माणूस चहाचा कप ठेवून उठायला लागला.

"ठेवा म्हणते ना नीट!" मी ओरडलेच.

ह्यांनी वजीर उचलून योग्य घरात ठेवला. आणखी थोड्या चालींत मात झाली. टाळ्या वाजल्या, सेक्रेटरींनी मला गुलाबाचं फूल दिलं, आणि क्लास गेला.

जिन्यात दोघंच असताना मी ह्यांचा दंड धरला. "घोड्याची चाल कुठे शिकलात?"

"तुला न्यायला यायचो ना रोज. दाराबाहेर उभा राहून ऐकायचो."

"आणि कळत नाही म्हणून सांगत फिरायचात?"

"कळतं हे तुला सांगायला तुझं शिकवणं कधी संपायचं?"

मला हसू येईना. कळंबोलीला लोखंडाच्या बाजारात हा माणूस वजनकाट्यावर बसतो. ट्रकवाल्यांनी शिव्या दिल्या, कधी कॉलर धरली, पण ह्याने एका किलोचा आकडा कधी बदलला नाही. अशा माणसाला मी आज कुठे नेऊन बसवलं, या विचाराने मला पुन्हा धडकी भरली.

"काट्यावर केलं असतंत का हो असं?" मी विचारलं.

"काट्यावर समोर तू नसतेस," ते म्हणाले.