भिंतीची लव

आईचं मनगट मोडलं ते परसातल्या फरशीवर, श्रावणात, धुण्याची बादली उचलताना. शिक्षा ठरली भिंतीला. असला न्याय आपल्याकडं रोज होतो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

आमचं घर साताऱ्यात, किल्ल्याच्या उताराला. परसात धुण्याचा दगड, त्याच्यापुढं शहाबादी फरशी आणि मागं काळ्या दगडाची छातीएवढी भिंत. पावसाळ्यात फरशीवर बुळबुळीत हिरवा थर चढायचा. भिंतीवरही हिरवं यायचं, पण ते दाट आणि बुटकं. हात फिरवला तर मांजराच्या पाठीसारखं लागायचं. घरात दोन्हींना शब्द एकच, शेवाळ. आई शेवाळावरून पडली, तेव्हा शेवाळ जाणार हे ठरलंच. आबा, म्हणजे माझे वडील, लष्करातून सुभेदार होऊन परत आलेले. त्यांनी हुकूम सोडला, "औंदा दसरा काढताना समदं साफ. फरशी बी आन् भित बी. हिरवा ठिपका दिसता कामा न्हाई."

दसरा काढायचा म्हणजे घट बसायच्या आधी घरातली झाडून सगळ्या गोधड्या, डबे, पाट, पिंपं बाहेर ओढायची आणि धुऊन वाळत घालायची. या धुण्याच्या तडाख्यात आमच्याकडं काहीही सापडू शकतं. त्या साली भिंत सापडली.

मी तेव्हा सांगलीला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होते आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहीत होते. महागाईविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, वसतिगृहातल्या पाणचट आमटीविरुद्ध. आईचं प्लॅस्टर निघालं होतं, पण पिळा मारायला हात चालत नव्हता, म्हणून दसरा काढायला मला बोलावून घेतलं. घरी पोचते तर मामा तासगावाहून आधीच हजर, सोबत मोरचुदाची पिशवी. मोरचूद आणि चुना कालवून द्राक्षावर मारतात ते निळं पाणी आमच्या भिंतीवर मारायचं होतं. मामाचं म्हणणं, "बागंतला रोग जातोय, तितं शेवाळाची काय कथा?"

माझं डोकंच फिरलं. शेजारी पुण्याहून शोभेचं क्रोटन आणतात, त्याला कुंडी, खत, दोन वेळचं पाणी. आणि जे इथलंच आहे, ज्याला कुणी लावलं नाही की पाणी घातलं नाही, त्याच्यावर विष! मी तिथल्या तिथं पत्रक लिहिलं आणि न्हाणीच्या दाराला डकवलं. 'खरा आरोपी फरशीवर मोकाट! निरपराध भिंतीवर हल्ला! घरातल्यांनो, जागे व्हा!'

आबांनी ते उभ्यानं वाचलं आणि लाल पेन्सिलीनं खाली लिहिलं, 'नामंजूर.'

मग मी आईकडं मोर्चा वळवला. भिंतीवरचं शेवाळ नव्हे, पुस्तकात त्याला हरिता म्हणतात, असं सांगितलं.

"हरिता?" आई म्हणाली. "कुणाची गं पोर ही?"

"वकिलाची आसंल," मामा म्हणाला. "गोरी हाय का?"

"थट्टा पुरे! आई, तू पडलीस ते वेगळं आणि हे वेगळं."

"पडले मी. हात माजा मोडलाय. शेवाळ त्ये शेवाळ. तुजी पुस्तकं पडत्यात व्हय घसरून?"

आईला त्याच फरशीवरून रोज भरली बादली न्यायची होती. तिची भीती घालवल्याशिवाय भिंत वाचणार नव्हती, हे मला तेव्हा कळलं. घोषणा देऊन भीती जात नाही.

माझ्या पिशवीत कॉलेजचं भिंग होतं. आईला हाताला धरून भिंतीपाशी नेलं. पाऊस उघडून चार दिवस कडक ऊन पडलेलं, त्यामुळं भिंतीवरचं सगळं आक्रसून तपकिरी झालेलं.

"मेलंय की गं आपसूक," आई म्हणाली.

मी तांब्याभर पाणी मारलं आणि भिंग तिच्या हातात दिलं. आई वाकली. एक डोळा मिटून भिंग मागंपुढं केलं. मग म्हणाली, "आगं बया! उलगडतंय! ह्येला पानं हायती. इत्तूशी इत्तूशी, आन् देठ बी. आन् ह्ये वर काय? टोप्या घातल्यात जणू!"

"त्या बोंडांत त्याचं बी असतं म्हण. आता फरशीवरचं बघ."

फरशीवरचं तिनं भिंगातून पाहिलं आणि नाक मुरडलं. "ह्येला पान न्हाई, देठ न्हाई. निसता शेंबूड." परत भिंतीकडं वळली, दुखऱ्या हाताची बोटं त्याच्यावरून फिरवली आणि म्हणाली, "ह्ये शेवाळ न्हवं. ही लव हाय. तान्ह्या पोराच्या पाठीवर आस्ती तशी. आवं, आइकलं का? लव हाय, लव!"

आबा आतून तरातरा बाहेर आले. "कुणाचं लव? ह्या घरात कुणी लव केलंय?" आणि बघितलं थेट माझ्याकडं.

मामा पिंपाला धरून हसायला लागला. आईनं आबांच्या हातात भिंग दिलं. आबांनी टोप्या घातलेली ती बोंडं पाहिली. एका उंचीची, सरळ उभी. "पलटनच हाय की," ते पुटपुटले. तरी हुकूम मागं घेईनात. "आन् ही पडली ती?"

"ती तुमच्या फरशीमुळं पडली, आबा. पाणी ओतून बघा."

त्यांनी बादली ओतली. पाणी मोरीकडं जायच्या ऐवजी दगडापुढं तळं करून बसलं. तिथंच तो बुळबुळीत थर. आबांनी तळ्यात पाय बुडवून बघितला. मग शर्ट काढला आणि पहार मागवली. लगोलग फरशी उचलली, खाली मुरूम भरला, मोरीकडं उतार देऊन पुन्हा बसवली. मी काथ्यानं घासून एकेक फरशी उजळली. अनवाणी पाय आपटून आबांनी स्वतः तपासणी केली.

पण मोरचूद मामानं आधीच मातीच्या डेऱ्यात चुन्याशी कालवून ठेवलेलं. कालवलेलं औषध त्याच दिवशी मारावं लागतं, आणि द्राक्षवाल्याच्या हातून ते ओतून देणं होत नाही. फरशीच्या गडबडीत त्यानं केरसुणी बुडवून निम्मी भिंत शिंपून काढली. मी ओरडत धावले तेव्हा निम्मी वाचली. भिंत अर्धी निळी, अर्धी लवेची. जेवताना मी मामाशी बोलले नाही. त्यानं माझ्या पानात मनुके ठेवले, ते मात्र खाल्ले. मनुक्यांचा काय दोष?

पुढच्या श्रावणात घरी आले तेव्हा आई फरशीवरून भरली बादली घेऊन येत होती. त्याच हातानं. बादली ठेवली आणि मला भिंतीकडं ओढलं. निळा रंग पुष्कळसा धुपला होता. दोन दगडांच्या सांध्यातून लव निळ्या बाजूला घुसली होती, नखाएवढी.

"सरकतीय," आबा मागून म्हणाले. "रोज बघतोय मी."

इतक्यात शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या. "का वो, औंदा बी भित हिरवी ठिवलीसा? शेवाळ काढत न्हाई व्हय?"

आईनं पदर खोचला. "शेवाळ फरशीवर आस्तंय, काकू. आमच्यात आता न्हाई. ही लव हाय. या हिकडं, पोरीजवळ भिंग हाय, दावते."