उष्टी हळद

आत्याचा मान म्हणून मी भाच्याला हळद लावत होते. नाकाच्या कडेला बोटं थबकली. हळदीखाली रव्याच्या कणीसारखं काहीतरी हाताला लागलं. असे कण माझ्या नाकावर आहेत, दादाच्या होते, वडिलांच्याही होते. घराण्याची खूण म्हणून आम्ही ते कौतुकाने मिरवले.

दादा मूत्रपिंडाच्या कर्करोगाने गेला. पुढे माझंही एक मूत्रपिंड काढलं, तेव्हा संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी माझं रक्त नेलं. हे कण आणि हा कर्करोग एकाच बिघडलेल्या जनुकातून येतात, असं त्यांनी सांगितलं. दरवर्षी तपासणी केली तर गाठ लहान असतानाच सापडते, हेही सांगितलं. घरातल्या सगळ्यांचं रक्त त्यांना हवं होतं. कुणी दिलं नाही. लग्नाची मुलं आहेत ना घरात!

दाराशी उभ्या असलेल्या वहिनीला मी हळूच विचारलं, "मुलीकडच्यांना सांगितलंयस का?"

"वन्सं, आजच्या दिवशी तरी अभद्र बोलू नका. लग्न तर होऊन जाऊ दे."

आमच्याकडे मरण चालतं, त्याचं नाव घेतलेलं चालत नाही.

भाच्याच्या अंगची हळद वाटीत काढली. ती घेऊन पाच सवाष्णी वाजतगाजत मुलीकडे निघाल्या. वहिनी दाराशीच राहिली. दादा गेल्यापासून तिला कुणी हळदीला हात लावू देत नाही.

उष्टी हळद त्या मुलीला पोचवायला पाच जणी होत्या. असं दाराशी उभं राहणं काय असतं, ते सांगायला एकही नव्हती.