तीन मिनिटांची रेघ: धरणगाव, धुळे आणि एक जुना क्रोनोग्राफ

शनिवार, १७ जानेवारी, सकाळी सहा वाजून बारा मिनिटं. यावलच्या बसस्टँडवर उभा राहून मी शर्टाच्या आतल्या खिशातले तीस हजार तिसऱ्यांदा चाचपत होतो. केळीच्या पॅकिंग हाउसवर दोन वर्षं खोकी मोजून जमवलेले. धरणगावच्या एका नानांकडे जुना स्विस क्रोनोग्राफ विकायला आहे, असं घड्याळांच्या ग्रुपवर कळलं होतं. फोटो दोन, दोन्ही धूसर. किंमत तीस हजार.

क्रोनोग्राफ म्हणजे स्टॉपवॉच असलेलं हातघड्याळ. बाजूला दोन बटणं, डायलवर छोट्या डायली. माझ्या मनगटावर एक आहे, पण ते नवं; कंपनीने स्वतःच्याच जुन्या नमुन्यावरून अलीकडे पुन्हा काढलेलं. ते घेतलं तेव्हा कामावरचा सोपान म्हणाला होता, "मोबाईलात टाइम दिसत नाई का रे तुला? का तिथं येगळे वाजता?" नानांकडे होतं ते मूळचं, ज्याच्यावरून माझं काढलं ते.

यावलहून भुसावळ, तिथून जळगाव, मग पाळधीवरून धरणगाव. थेट गाडीची वाट बघू नका, तुकड्या-तुकड्यांनी लवकर पोहोचता. जळगावच्या स्टँडबाहेर चहा नक्की घ्या. मी घेतला, पण एका हाताने. दुसरा हात खिशावर होता.

नाना पंचाहत्तरीचे. घराण्याचा कापसाचा व्यापार. त्यांनी ओट्यावर बसवलं आणि रुमालातून घड्याळ काढलं. मी भिंग लावून वीस मिनिटं बघत होतो. केस खरी, बटणं खरी. सेकंदाचा लांब काटा शून्यावर परत येत नव्हता, पण तो दुरुस्त होतो. डायल मात्र फारच स्वच्छ होती. उजवीकडच्या छोट्या डायलीवर तीस मिनिटं मोजली जातात. माझ्या घड्याळात तिथे तीन, सहा आणि नऊ मिनिटांच्या रेघा बाकीच्यांपेक्षा लांब आहेत. नानांच्या घड्याळात सगळ्या रेघा सारख्या होत्या.

बोलावं तर म्हाताऱ्या माणसाचा अपमान, गप्प बसावं तर दोन वर्षं पाण्यात.

"नाना, ही डायल मूळची नाही. नंतर रंगवलेली आहे."

नानांनी पाय खाली सोडले. "हाई मन्हा बापनी घडी शे. तू माले खोटा म्हनस?"

"घड्याळ खरंच आहे, नाना. फक्त डायल. हे बघा." मी माझं घड्याळ काढून त्यांच्या हातात दिलं. "तीन, सहा, नऊ. रेघा लांब आहेत."

नानांनी ते डोळ्यांजवळ नेलं. बराच वेळ बघितलं आणि एकदम हसले. "अरे, याच रेघवर बाप फोन ठेवे!"

त्यांचे वडील कापसाचा भाव विचारायला मुंबईला ट्रंककॉल लावायचे. पैसे दर तीन मिनिटांना पडायचे. पलीकडून आवाज आला की बटण दाबायचं, काटा लांब रेघेवर आला की फोन खाली. एकदा सख्खा मेहुणा आपलं आजारपण सांगत होता, तेव्हाही काटा रेघेवर आला. वडील म्हणाले, "बाकी पत्रमा लिख," आणि ठेवला.

दोन वर्षं त्या रेघा माझ्या मनगटावर होत्या. त्या कशासाठी, हे मला धरणगावच्या ओट्यावर कळलं.

मग नानांनाच आठवलं. मुलाच्या लग्नात चकाचक दिसावं म्हणून त्यांनी घड्याळ धुळ्याला पाचव्या गल्लीतल्या एका आबांकडे दिलं होतं. "मीच खराब करं म्हन," ते म्हणाले. मग स्वतःच भाव पाडला. "रंगवेल डायलना अठरा. दे."

मी दिले. एरंडोलला भरीत-पुरी खाल्ली (हिवाळ्यात दुसरं काही मागवू नका), पारोळ्यामार्गे पावणेचारला धुळे गाठलं. घड्याळ शेवटचं ज्यांनी उघडलं, त्यांच्याकडूनच काटा दुरुस्त करून घ्यावा, असं ठरवलं होतं.

आबांनी डोळ्याला भिंग लावून मागचं झाकण उघडलं. आत सुईने ओरखडलेली बारीक खूण होती. कारागीर स्वतःची खूण अशी ठेवतात. "हे तर माझंच पाप!" आबा म्हणाले. त्यांनी फळीवरून पत्र्याचा डबा काढला, त्यातून कागदाची पुडी. वर नानांचं नाव.

आत मूळची डायल. कडेने बिस्किटासारखी तांबूस झालेली, सहाजवळ एक डाग. आणि तीन, सहा, नऊच्या रेघा लांब.

"रंगवायची तर आधी खरवडावी लागते," आबा म्हणाले. "हात धजला नाही. दुसरी रंगवून बसवली, ही ठेवली."

"नानांना सांगितलं नाही?"

"त्यांना चकाचक पाहिजे होतं, चकाचक दिलं. तू किती मोजले?"

"अठरा."

आबा हसले. "लॉटरी लागली तुला! घड्याळ तुझं, तर डायलही तुझी. उद्या सकाळी घेऊन जा आणि गपचूप यावल गाठ."

मुक्काम स्टँडजवळच्या लॉजवर, सहाशे रुपये, चादर स्वच्छ. शेवभाजी झणझणीत होती म्हणतात. मला चव लागली नाही.

रविवारी अकराला मूळची डायल बसवलेलं घड्याळ मिळालं. डायलचे पैसे आबांनी घेतले नाहीत. जळगावच्या गाडीत कंडक्टर समोर आला, तरी माझं ठरेना.

"कुठं? जळगाव का? बोल लवकर, भाऊ, मागं लोक शेतस."

"एरंडोल," मी म्हणालो. धरणगावला तिथूनच वळतात.

ओट्यावर बसून आबांच्या पुडीची गोष्ट सांगितली. नानांनी घड्याळ हातात घेतलं. बटण दाबलं. पूर्ण तीन मिनिटं काट्यावरची नजर हलवली नाही. काटा लांब रेघेवर आला तेव्हा नाना हळूच म्हणाले, "ठेव."

मग मी म्हणालो, "नाना, आता अठरा बरोबर नाहीत. तुम्ही आधी तीस म्हणाला होतात. तीसच."

"अठरा बोलनू म्हनजे अठरा. सौदा व्हयी गया."

"तो रंगवलेल्या डायलचा."

"येडा शे का? लेनारा कधी भाव वाढावस का?"

आतून नानांची बायको, अक्का, ओरडल्या, "ल्या ना! पोरगं देई ऱ्हायनं तं!"

खिशात उरले होते त्यातले सहा हजार नानांच्या हाती कोंबले. त्यांनी मोजले नाहीत. बाकीच्या सहाचं नाव काढू दिलं नाही. निघताना मात्र शेजाऱ्याला हाक मारून म्हणाले, "हाऊ यावलना पारखी शे. एक रेघवरथून वळखं यानी."

माझी शाळा नववीत सुटली. पारखी असं मला पहिल्यांदाच कोणी म्हटलं. दोन्ही घड्याळं आता शेजारी ठेवली आहेत. जुनं दिवसाला चाळीस सेकंद मागे पडतं, तरी मनगटावर तेच असतं.

हिशोब. घड्याळ: २४,०००. आबांची साफसफाई: २,२००. लॉज: ६००. एसटी, दोन्ही दिवस मिळून: ५७०. जेवण, चहा: ३८०. एकूण २७,७५०. शिल्लक २,२५०.

देणं: नानांना ६,०००, मार्चअखेर. नाना म्हणतात, काही देणं नाही. मी लिहून ठेवलं आहे.