एदुविना आणि सहा बटणांची पेटी

समुद्रकाठच्या इकीके शहराच्या विमानतळावर सामान तपासायच्या मशीनसमोर एदुविना चायापा अकरा वर्षं बसत होती. बाई मुळातच चौकस. लहानपणी डोंगरावरच्या गावात कुणी झाकलेली टोपली घेऊन निघालं की ही मागोमाग. ही नोकरी लागली तेव्हा आई म्हणाली, "चला, आता हिची खोड जिरेल."

जिरली नाही, उलट वाढली. पडद्यावर तिला पेटीतलं सगळं दिसायचं, पण ती पेटी हातात पडल्यावर त्या माणसाचा चेहरा कसा झाला, हे कधीच कळायचं नाही. विमान उडालं की गोष्ट अर्ध्यावर राहायची.

डिसेंबरात तर कहर असायचा. करमुक्त बाजारातून फोन, टॅबलेट, उडणारी खेळणी घेऊन माणसं रांगेत उभी राहत. दुकानदारानं चकचकीत कागदात गुंडाळून वर फीत बांधलेली, आणि जिच्यासाठी भेट घेतली ती बाई शेजारीच उभी. एदुविना सांगून सांगून थकायची, "बांधून आणू नका. कागद वेगळा न्या, घरी पोचलात की गुंडाळा. बॅटरी भरलेली ठेवा, चालू करून दाखवावं लागतं. आणि गुपित असेल तर आधी हळूच आम्हाला सांगा." ऐकतंय कोण? शेवटी तिनं आणि बॅगा उघडणाऱ्या उबाल्दोनं एक खूण ठरवली. भेटवस्तू उघडून बघायची असली की ती म्हणायची, "चुंबेके आहेत." चुंबेके म्हणजे इकीकेची लिंबू घातलेली वडी. ती प्रत्येकाच्याच बॅगेत असते, म्हणून कुणाला संशय येत नसे. उबाल्दो ती बॅग फळीच्या आडोशाला नेऊन उघडायचा.

नाताळाच्या चार दिवस आधी एक म्हातारं जोडपं आलं. नवरा आर्सेनिओ, बायको फ्लोरिसा. त्यांची बॅग पडद्यावर आली आणि एदुविनानं पट्टा थांबवला. एक लाकडी पेटी होती. आत तारांची गुंतवळ, चार बॅटऱ्या, एक गोल भोंगा आणि सहा बटणं. अकरा वर्षांत असलं काही तिनं पाहिलं नव्हतं. म्हाताऱ्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो बायकोकडे बघायचा, मग एदुविनाकडे.

"चुंबेके," ती म्हणाली.

उबाल्दोनं पडद्याकडे पाहिलं. "हे चुंबेके नाहीत गं."

"मी म्हणते ना, चुंबेके."

पण फ्लोरिसाबाई हलायला तयार नव्हत्या. "एक्केचाळीस वर्षं याची बॅग मी भरतेय," त्या म्हणाल्या. "आज पहिल्यांदा यानं हात लावू दिला नाही. काय कोंबलंयस रे म्हाताऱ्या?"

"वीजकामाची हत्यारं आहेत."

"हत्यारं तू विकलीस की परवा."

एदुविना जागेवरून उठली. मशीनवर दुसरीला बसवून ती बाईंपाशी गेली. बूट तपासायचे आहेत, असं काहीतरी सांगून त्यांना बाजूला न्यावं, असं तिच्या मनात होतं. पण बाईंची नजर बघून तिला खोटं बोलवेना.

"बाई, ती वस्तू तुमच्यासाठी आहे, असं मला वाटतं. तुम्हाला बघायचंच असेल तर मी कोण अडवणार? मला स्वतःला जन्मात कधी धीर धरता आलेला नाही."

फ्लोरिसाबाईंनी विचारलं, "तू बघणार?"

"बघावंच लागेल, काम आहे माझं."

"मग एवढंच सांग. विकत आणलंय की हातानं केलंय?"

"हातानं."

बाई वळल्या. जाऊन बाकावर बसल्या, फळीकडे पाठ करून, आणि पर्समधून रुमाल काढून उगाच चष्मा पुसत राहिल्या.

फळीआड उबाल्दोनं बॅग उघडली होती; एदुविना तिथे आली तसा आर्सेनिओ कुजबुजत सांगू लागला. तो माशांच्या पिठाच्या कारखान्यात वीजकाम करायचा. आता दोघं कायमची दूर दक्षिणेत, वाल्दिव्हियाला, लेकीकडे निघाली होती. "तिकडे नुसता पाऊस, पोरी, इथे कधी थेंब नाही. हिनं आपली गल्ली कधी सोडली नाही. म्हणून दोन महिने गल्लीतले आवाज पकडत हिंडलो. एकेका बटणावर एकेक." बटणांखाली पेन्सिलीनं लिहिलं होतं: गॅसवाला, समुद्र, पाववाल्याची सायकल, धक्क्यावरचे समुद्रसिंह, वाजंत्र्यांचा सराव, आपलं दार.

"आजोबा, चालू करून दाखवावं लागेल."

"चालू केलं तर तिला तिथनं ऐकू येईल. कान तिचे मांजराचे आहेत."

एदुविनानं घड्याळ पाहिलं. "थांबा. सांतियागोच्या विमानाची हाक होऊ दे."

तिघं त्या पेटीभोवती उभे राहिले. विमानतळाच्या छतावरून घोषणा घुमू लागली तशी एदुविनानं पेटी कोटाच्या आत धरली, कान लावला आणि शेवटचं बटण दाबलं. किल्ली फिरली, दार कुरकुरलं, आणि फ्लोरिसाबाईंचाच आवाज आला, "पाय पूस आधी." घोषणा संपायच्या आत तिनं बटण सोडलं. उबाल्दोनं स्फोटकं तपासायच्या कागदानं पेटी पुसून तो मशीनमध्ये घातला, त्यानंही सगळं ठीक असल्याचं दाखवलं.

जोडपं निघून गेलं. एदुविनाला मात्र उरलेली पाच बटणं स्वस्थ बसू देईनात. समुद्रसिंहांचा आवाज कसा आला असेल? आणि बाई रडल्या असतील, की हसल्या? जेवताना उबाल्दो म्हणाला, "त्यापेक्षा वाल्दिव्हियाचं तिकीट काढ."

एप्रिलात आर्सेनिओ पुन्हा त्याच रांगेत दिसला. एकटाच होता, दक्षिणेकडे परत निघालेला. बगलेत तीच पेटी. आता बटणं सात होती. एदुविनानं सरळ पट्टाच थांबवला.

"आजोबा, बाई कुठायत?"

"घरी, पावसाला शिव्या देत. मजेत आहे."

"मग नाताळाला काय झालं?"

"काय होणार? सगळी बटणं दाबली. पुन्हा सगळी दाबली. मग म्हणाली, ओतिलिया कुठाय यात?" तो हसला. ओतिलिया म्हणजे भिंतीपलीकडची शेजारीण. वीस वर्षं दोघींचं बोलणं नव्हतं, होती ती फक्त भांडणं. "म्हणाली, भांडणाशिवाय ही गल्ली आपली वाटतच नाही. जा आणि घेऊन ये. तीन महिने टुमणं लावलं, शेवटी आलो."

रांगेतून कुणीतरी घसा खाकरला. एदुविनानं तिकडे लक्ष दिलं नाही.

"चालू करून दाखवा," ती म्हणाली.

त्यानं सातवं बटण दाबलं. आधी नुसती खरखर झाली. मग एक जाडसर आवाज आला, "काय बोलू आता? तिला म्हणावं, तुझ्या कुंड्यांना मीच पाणी घालतेय. आणि कुंडी फुटली होती ती माझ्या मांजरानं नाही फोडली, हे अजून सांगते." पुढे पुन्हा खरखर झाली, आणि मग त्याच आवाजात, "पाऊस फार आहे का तिकडे?"

आर्सेनिओनं पेटी उचलली. एदुविनानं पट्टा सुरू केला.