चांदीच्या पत्र्यावरचं खेचर

“आई, हात काढ! आधी हात काढ!”

मी असा ओरडलो की डब्लिनला उतरणारं एक विमान घाबरून पुन्हा ढगात शिरलं म्हणतात. ल्यूकनमधल्या आमच्या गल्लीतली कुत्री तर पुढे आठवडाभर दबक्या आवाजात भुंकत होती. आई मात्र शांत. एका हातात चिंचेचा कोळ, दुसऱ्या हातात शेजारच्या आजोबांचे पणजोबा.

आजोबा एकटेच राहायचे. त्यांचे पणजोबा बायको आणि तान्हं मूल मागे ठेवून सोनं शोधायला कॅलिफोर्नियाला गेले, ते गेलेच. घरी आला तो एवढा एक फोटो. फोटो काढण्याची कला जेमतेम रांगत होती तेव्हाचा, कागदावर नाही, चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर. काच तडकली म्हणून आजोबांनी तो मोठ्या विश्वासाने माझ्याकडे दिला होता. मी जुनी काच काढून पत्रा टेबलावर ठेवला, आणि तिथेच आई नवरात्रासाठी पूजेची भांडी घासायला बसली.

“केवढं काळं पडलंय रे! म्हटलं, बायको गेल्यापासून कुणी हात लावला नसेल बिचाऱ्यांच्या चांदीला.”

“अगं, घासलं की चित्र जातं!”

आईने पत्रा खाली ठेवला. उजवा कोपरा असा लखलखत होता की त्यात तिच्या नाकातली चमकी दिसत होती. त्या सकाळपर्यंत तिथे फोटोतलं एक खेचर उभं होतं.

त्या दुपारी ती जेवली नाही. रव्याचे लाडू मात्र वळले, अख्ख्या आयर्लंडला पुरून उरतील इतके. “मी येते. तू फक्त इंग्रजीत सांग.”

आजोबांच्या दारात मी दमट हवेवर, जुन्या काचेवर, जमेल त्यावर दोष ढकलत होतो. आईने कोपराने ढोसलं. “माझं नाव घे. मी पुसलं म्हण.”

सांगितलं.

आजोबा पत्रा घेऊन खिडकीशी गेले. सरळ धरला की तो नुसता आरसा, जरासा कलला की माणसं. त्यांनी तो हळूच कलता केला. गुडघाभर पाण्यात, सोनं धुवायच्या लाकडी पन्हळीपाशी वाकलेले खाणकरी वर आले. फोटो हलू नये म्हणून फावडी अर्ध्यावर थांबवून, श्वास रोखून उभे. आम्हीही रोखला. आई तर निळी पडायच्या बेतात होती.

टोपीवाल्या एकावरून आजोबांनी बोट फिरवलं, न टेकवता. मग पत्रा ठेवला आणि आईने आणलेल्या डब्यातला लाडू उचलला.

“खेचर आमचं नव्हतंच,” ते म्हणाले.