सरांचे तळपाय

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साचतात. औंढ्यात माझा एसटीडी बूथ होता. फोनची लाइन लागेपर्यंत लोक बाहेरच्या बाकावर बसायचे आणि एकमेकांचे किस्से सांगायचे. पुढं बूथ गेला, बाक राहिलं. आता त्या बाकावर मी, सायकल दुकानवाला सय्यदभाई आणि तांड्यावरचा जीपवाला गणपत राठोड असे तिघं जमलो, की थोड्या वेळानं कुणीतरी म्हणतं, "सर असते तर..." आणि गाडी सुरू होते.

सगळे किस्से हसण्यासारखे आहेत. फक्त त्यांच्या शेवटी इंगोले सरांचा पाय जातो आणि मागून सरही जातात. हे आम्हाला ठाऊक असतं. तरी दर वेळी पहिल्यापासून सांगतो. दुसरं आता उरलंय काय आमच्याकडं?

* * *

इंगोले सर हायस्कूलला सायन्स शिकवायचे. मूळचे कुरुंद्याचे. नव्वदच्या दशकात एका उन्हाळ्यात ते नागपूरला कसल्याशा शिबिराला गेले आणि चीगाँग नावाचं चिनी प्रकरण शिकून आले. पळायचं नाही, आसनं नाहीत, नुसतं उभं राहायचं! अनवाणी, गुडघे जरासे वाकवून, छातीशी मोठा रांजण कवटाळल्यासारखे हात धरून, डोळे मिटून. मग जमिनीतली शक्ती तळपायातून वर घ्यायची, पोटरीतून, मांडीतून बेंबीखाली आणायची आणि तिथून तळहातांत सोडायची. सकाळी शाळेच्या मैदानावर आम्ही चौघं असे उभे. गावानं लगेच नाव ठेवलं, 'खांबवाले'.

सरांचा नियम एकच. शेवटी प्रत्येकानं काय जाणवलं ते खरं खरं सांगायचं. पहिल्या दिवशी त्यांनी डोळे उघडले आणि गंभीर आवाजात विचारलं, "सय्यदभाई, काय जाणवलं?"

"भूक, सर!"

* * *

मला तळहातात ऊब जाणवायची. ती शक्तीची होती की उन्हाची, हे मी कधी खोलात जाऊन बघितलं नाही. सय्यदभाईला पुढंपुढं कानात घूं घूं ऐकू यायला लागलं. राठोडला मात्र काहीच नाही. दिवसांमागून दिवस गेले, पावसाळे गेले, राठोडचं उत्तर तेच.

"राठोड, काही आलं का?"

"न्हाई, सर."

"कायच न्हाई?"

"गुडघे दुखून राहिले."

एकदा मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "अरे, सरांच्या मनासाठी म्हण की आलं म्हणून." तो भडकलाच! "काहून म्हणू? सर आपल्याला खरं सांगा म्हणून राहिले, अन् मी त्यांच्यासंगंच खोटं बोलू?"

मग सर स्वतःचं सांगायचे. त्यांच्या तळपायात झिणझिण्या यायच्या. आधी फक्त मैदानावर, मग वर्गात फळ्यासमोर, मग अंथरुणात पडल्यावरसुद्धा. "थांबूनच न्हाई राहिली रे शक्ती!" असं ते सांगायचे तेव्हा त्यांचा चेहरा नुसता उजळलेला असायचा. आम्हाला, खरं सांगतो, हेवा वाटायचा. त्यांना तहान फार लागायची. शक्ती फिरली की पाणी लागतं, असं ते म्हणत. अंगानं उतरत चालले होते. शरीर हलकं व्हायला लागलंय, असं आम्ही म्हणत होतो!

* * *

एका महाशिवरात्रीला नागनाथाच्या दर्शनाची रांग लांबत लांबत शाळेच्या फाटकापर्यंत आली. आम्ही नेमानं उभे होतो. माझ्या पायावर काहीतरी गार पडलं म्हणून डोळे उघडले, तर बेलाची पानं! चौघांच्याही पायांशी बेल, सरांसमोर तर फोडलेला नारळ. एक म्हातारी त्यांच्या पायांवर डोकं टेकवून बसली होती आणि सरांना पत्ताच नव्हता.

मी हाक मारल्यावर सर दचकले आणि दोन पावलं मागं सरले. विज्ञानाचा माणूस, त्यात घरात बुद्धवंदना. ते हात जोडून म्हणाले, "आजी, उठा उठा! आमी देव न्हाई. आमी व्यायाम करून राहिलो."

"व्हय बापा," म्हातारी म्हणाली, "देव बी असंच म्हणतो!"

हा किस्सा आम्ही लई सांगितला, लई हसलो. म्हातारीचं कपाळ पायावर टेकलेलं सरांना कळलं कसं नाही, हा प्रश्न मात्र आमच्यापैकी एकालाही पडला नाही.

* * *

मग चपलेची गोष्ट. सर बाजारातून घरी आले ते एकाच पायात चप्पल घालून. दुसरी वाटेत कुठंतरी निसटली होती आणि हे भाजीची पिशवी घेऊन तसेच चालत आले! शांतावहिनींनी दारातच विचारलं, "दुसरी कुठंय?" सरांनी खाली बघितलं आणि मोठ्यानं हसले. दुसऱ्या दिवशी मैदानावर आम्हाला समजावून सांगितलं. आधी झिणझिणी, मग ऊब आणि शेवटी तळपाय उरतच नाही, तो जमिनीत मिसळून जातो. नागपूरच्या गुरुजींनाही म्हणे एवढं साधलं नव्हतं.

वहिनी संध्याकाळी माझ्या बूथवर आल्या. त्यांना नांदेडला भावाला फोन करायचा होता. नंबर फिरवता फिरवता मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमचे सर जमिनीत मिसळले ते ठीक. पण चप्पल नवी होती हो!"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. फोनवर त्या भावाला एखाद्या चांगल्या डॉक्टरचं नाव विचारत होत्या.

पण सर डॉक्टरकडं गेले नाहीत. "मी आजारी हाय का?" असं उलट वहिनींनाच विचारायचे.

* * *

पुढचा किस्सा सय्यदभाई सांगत नाही, मलाच सांगावा लागतो. त्या दिवशी डोळे उघडल्या उघडल्या तो ओरडला, "सर, खून!"

सरांच्या डाव्या तळपायात बाभळीचा काटा घुसला होता, अख्खा. खालची माती लाल झाली होती. सर त्या काट्याकडं बघत राहिले आणि मग त्यांच्या तोंडावर जे हसू आलं, तसं हसू मी पुन्हा कुणाच्या तोंडावर बघितलं नाही. "मला काहीच कळलं न्हाई," ते हळूच म्हणाले. "काहीच न्हाई! बघा तुमी."

आम्ही टाळ्या वाजवल्या. सय्यदभाईनं पळत जाऊन पेढे आणले. काटा मी काढला आणि सरांनी तोंडात पेढा ठेवून दुसरा पाय जमिनीवर आपटत म्हटलं, "हा बी तसाच!"

* * *

जखम भरेना. सरांनी शक्ती पायाकडं वळवली. आम्ही तिघंही त्यांच्या घरी जाऊन पायाभोवती तळहात धरून बसायला लागलो. पाय सुजला, काळवंडला, खोलीत वास यायला लागला. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या असायच्या आणि एकच वाक्य म्हणायच्या, "कुणीतरी सांगा ना यांना."

राठोडनं सांगितलं. "सर, माझी जीप दारात उभी हाय. चला."

"थांब जरा," सर म्हणाले. "तळव्यापर्यंत येऊन राहिली शक्ती. मला जाणवून राहिलं."

शेवटी ताप डोक्यात गेला आणि सर बरळायला लागले, तेव्हा राठोडनं त्यांना उचलून जीपमध्ये घातलं. नांदेडच्या डॉक्टरनं रक्त तपासलं आणि विचारलं, "शुगर कधीपासून आहे?" शुगर? सरांना?

"पायाला झिणझिण्या कधीपासून होत्या?"

याचं उत्तर आम्हाला येत होतं. राठोड पुढं झाला.

"लई वर्षांपासून, साहेब! आमच्या चौघांत सगळ्यात जास्त त्यांनाच यायच्या."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. एवढं बोलल्यावर राठोडला समजलं. तो दवाखान्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसला.

* * *

डावा पाय गुडघ्याखाली काढला. सर घरी आले तरी आम्हाला त्यांच्यासमोर जायचं तोंड नव्हतं. वहिनींचाच निरोप आला, "बोलवून राहिलेत." गेलो. सर पलंगावर बसलेले, अंगाचा नुसता सापळा, मांडीवर चादर. वहिनींनी चहा दिला.

मग सर म्हणाले, "मला उभं करा."

वहिनी म्हणाल्या, "काहून?"

"करा म्हणलं ना."

आम्ही त्यांना अंगणात आणलं. मी उजवीकडून धरलं, राठोडनं डावीकडून. सय्यदभाई पाठीमागं. सरांनी डोळे मिटले आणि छातीशी हात धरले, रांजण कवटाळल्यासारखे. राठोडनं आपला उजवा पाय सरकवला आणि सरांचा पाय जिथं असायला हवा होता, तिथं टेकवला.



"आलं," सर म्हणाले. डोळे मिटलेलेच. "डाव्या तळपायातून येऊन राहिलं. झिणझिण. पोटरीत आलं आता. पयल्यापेक्षा जोरात!"

वहिनींनी तोंडावर पदर घेतला.

"राठोड," सरांनी विचारलं, "तुला काही आलं का?"

राठोड खाली जमिनीकडं बघत होता.

"व्हय, सर," तो म्हणाला. "डाव्यातूनच."