वायर लावली की झालं

उणे चौतीस अंशांत गाडी मेली, तर चूक कोणाची, सांगाल? कॅनडात, विनिपेगच्या आमच्या इमारतीत उत्तर ठरलेलं आहे: थंडीची. माणसाची कधीच नसते. पुरुषाची तर नाहीच नाही.

डेल्फिन शार्ट्रांडने सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली. निवृत्त झाल्यावर बायका स्वेटर विणतात. ही कपडे धुण्याच्या खोलीत, खिडकीखाली चार्जर मांडून मेलेल्या बॅटऱ्या उठवते. घरमालकाने मनाईच्या दोन नोटिसा लावल्या. दोन्ही तिने बॅटऱ्यांखाली अंथरल्या.

त्या बुधवारी सकाळी तळमजल्यावरचा हार्वे पेलेखाटी बॉनेट उघडून, दोन गाड्यांच्या बॅटऱ्या जोडायची केबल हातात घेऊन उभा होता. दहाला त्याचं डायलिसिस. सोमवारचं याच गाडीपायी बुडलेलं. पाय सुजून बुटात मावेनात, ऐट मात्र नेहमीच्याच मापाची.

"दोन दिवस वायर लावून ठेवलीय," तो म्हणाला. "बॅटरी फुल्ल असणार. तू तुझ्या गाडीवरून जरा करंट दे, बस."

गाडीच्या नाकातून लोंबणारी, भिंतीवरच्या प्लगला जोडायची ती वायर इंजिन गरम ठेवते, बॅटरीत कणभर वीज घालत नाही. हे डेल्फिन त्याला दर हिवाळ्यात सांगते, आणि दर हिवाळ्यात तो मोठ्या समजूतदारपणे मान हलवतो. तिने वाकून पाहिलं. बॅटरीच्या कडा फुगल्या होत्या.

"हार्वे, हिच्या पोटात बर्फ झालाय. केबल लावलीस तर तोंडावर फुटेल."

"चाळीस वर्षं गाड्या चालवतोय मी."

"चाळीस वर्षं वायरच लावतोयस. बस माझ्या गाडीत."

पेशंटसारखं कुणाच्या गाडीत बसून जाणार नाही, असं त्याने बाणेदारपणे सांगितलं. पेशंटच आहेस, असं म्हणून तिने त्याच्या हातातली केबल घेऊन आपल्या सीटवर टाकली, वर स्वतः बसली आणि दार लावून घेतलं. बाहेरच्या थंडीत बाणेदारपणा सहा मिनिटं टिकला. दहाला पाच कमी असताना हार्वे दवाखान्यात होता.

परत येऊन तिने त्याची बॅटरी काढून कपडे धुण्याच्या खोलीत आणली, बर्फ वितळू दिला, टॉर्च लावून तडा शोधला. नव्हता. टोकांवरची पांढरी बुरशी सोड्याच्या पाण्याने घासली आणि मंद करंट सोडला. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी एका फटक्यात सुरू झाली.

हार्वेने बॉनेट थोपटलं आणि जमलेल्या शेजाऱ्यांना ज्ञान दिलं, "म्हणून मी वायर काढत नाही."

तुमच्या खालच्या मजल्यावरही असा एक हार्वे असणार. आज त्याने वायर लावण्याआधी त्याची बॅटरी तपासा. ऐकत नसेल, तर केबलवर बसून राहा.